हवा न तापवणाऱ्या हीटरलाही हवा लागते

"हा हीटर हवा तापवत नाही, थेट अंग तापवतो. मग खिडकी उघडी कशाला?" गॅसच्या रेडियंट हीटरबद्दल हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. बर्नरची बारीक भोकांची सिरॅमिक प्लेट लालबुंद होते, तिच्यातून निघणारे अवरक्त किरण मधली हवा फारशी न तापवता कपड्यांवर, भिंतीवर, कातडीवर पडतात. ऊन लागतं तसंच. पण प्लेट लाल होते ती गॅस जळतो म्हणून, आणि जळायला प्राणवायू हवाच.

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो, आणि त्याच्या एका रेणूला जळायला प्राणवायूचे दोन रेणू लागतात. हवेत प्राणवायू 21 टक्के, म्हणून 1 घनमीटर मिथेनला साधारण साडेनऊ घनमीटर हवा. 3 किलोवॉटचा हीटर तासाला सुमारे 0.6 घनमीटर प्राणवायू घेतो. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद, अडीच मीटर उंच खोलीत तो सव्वासहा घनमीटर असतो. पुष्कळ वाटतो ना? पण खोली अगदी बंद असेल तर दीड तासात त्याचं प्रमाण 18 टक्क्यांवर येतं. प्राणवायू घटत जातो तसं जळण अर्धवट राहू लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो.

हे ओळखणारी एक युक्ती बऱ्याच हीटरांत असते. मला ती फार आवडते, कारण तिला बॅटरीसुद्धा लागत नाही. मिथेन आणि हवेच्या योग्य मिश्रणात ज्योत सेकंदाला सुमारे 40 सेंटीमीटर वेगाने मागे सरकू पाहते. बर्नरच्या तोंडातून येणारं मिश्रण तिला पुढे ढकलतं. दोन्ही वेग जुळतात तिथे ज्योत टिकते. पायलट ज्योत म्हणजे मुख्य बर्नरशेजारी सतत जळणारी छोटी ज्योत; तिचं हे ठिकाण थर्मोकपलच्या टोकावर बेतलेलं असतं. दोन धातूंचा तो सांधा तापला की काही मिलिव्होल्ट विद्युतदाब मिळतो, त्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. प्राणवायू घटला की ज्योतीचा वेग मंदावतो, ती तोंडापासून सुटून लांब जाते. सांधा थंड होतो, चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग झडप बंद करते. म्हणजे इथे ज्योतच मोजमापाचं यंत्र!

हीटरजवळ पाण्याचं भांडं ठेवलं की धोका टळतो, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. पाणी प्राणवायू पुरवत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात जेमतेम विरघळतो.

हवा बाहेरूनच यायला हवी, तीही कायम उघड्या झरोक्यातून. जोरदार एक्झॉस्ट फॅन चालू असेल आणि हवा आत यायला वाट नसेल, तर खोलीतला दाब घटतो आणि धुराड्यातून जाणारा धूर उलटा आत येतो. रंग किंवा क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ असलेल्या कारखान्यात तर बर्नरला बाहेरची हवा वेगळ्या नळीने द्यावी, कारण क्लोरीनयुक्त वाफ ज्योतीत जळून हायड्रोजन क्लोराइड बनतो आणि तो धातू खातो.

त्या लाडक्या युक्तीलाही एक गोष्ट दिसत नाही. मुख्य बर्नरच्या हवेच्या तोंडाशी धूळ किंवा कोळिष्टकं साचली, तर खोलीत 21 टक्के प्राणवायू असतानाही तिथे कार्बन मोनॉक्साइड होत राहतो, आणि पायलट ज्योत मात्र निवांत जागेवर असते. त्यासाठी वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्यावा आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.