फेनेस्ट्रॉन आणि नोटार: पंखा लपवलेला की शेपटीतून काढलेला?

हेलिकॉप्टरच्या शेपटीला गरगरणारा उघडा पंखा दिसला नाही, की 'याला टेल रोटरच नाही' असं बिनधास्त ठोकून दिलं जातं. बऱ्याचदा पंखा तिथेच असतो, फक्त भोकात बसवलेला.

भोकात बसवलेला हा पंखा म्हणजे फेनेस्ट्रॉन. वरचा रोटर एका दिशेने फिरतो, म्हणून धड उलट फिरू पाहतं. शेपटीचा पंखा बाजूला हवा ढकलून ते थोपवतो. फेनेस्ट्रॉनही नेमकं हेच करतो, फक्त शेपटीच्या उभ्या पंखात कोरलेल्या आरपार गोल खिडकीत बसून. १९६८ मध्ये तो गझेल या फ्रेंच हेलिकॉप्टरच्या प्रोटोटाइपवर आला; आज एअरबसच्या एच१३५ हेलिकॉप्टरवर दिसतो. त्याची पाती मुद्दाम असमान अंतरावर बसवतात, म्हणजे आवाज एकाच कर्कश सुरात गोळा होत नाही. पण माझ्या मते खरा फायदा जमिनीवरच्या माणसाचा: चुकून शेपटीकडे गेलाच, तर फिरतं पातं थेट अंगावर येत नाही.

नोटार म्हणजे 'नो टेल रोटर', आणि इथे नाव खरं आहे. अर्थात पंखा याच्यातही आहे, पण तो धडात, शेपटीच्या जाड पोकळ नळीच्या तोंडाशी. तो नळीत हवा भरतो. नळीच्या उजव्या अंगाला लांबलचक फटी असतात. त्यांतून सुटलेली हवा गोलाईला चिकटून वाहते आणि वरच्या रोटरचा खाली येणारा झोतही त्या अंगाला वळवते. तिथला दाब घटतो, शेपटी उजवीकडे ओढली जाते.

पटत नसेल तर चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला टेकवा. धार चमचा ढकलून देईल असं वाटतं, पण तो धारेतच ओढला जातो. हाच कोआंडा परिणाम.

तेवढ्यानं भागत नाही. शेपटीच्या टोकाच्या फिरत्या तोंडातून हवेचा झोत बाजूला सोडतात. पायलटचे पेडल ते तोंड फिरवतात. वेगात पुढे जाताना रोटरचा झोत शेपटीवर पूर्वीसारखा पडत नाही, तेव्हा बराचसा भार मागचे उभे पंख उचलतात. ही रचना ह्यूज कंपनीच्या ओएच-६ हेलिकॉप्टरवर डिसेंबर १९८१ मध्ये उडाली, पुढे एमडी ५२०एन या हेलिकॉप्टरवर आली; पण फेनेस्ट्रॉनइतकी पसरली नाही.

रशियन कामोव्ह कंपनीची बहुतेक हेलिकॉप्टरं आणि अमेरिकन चिनूक हेलिकॉप्टर या वादात येतच नाहीत. त्यांचे दोन मोठे रोटर उलटसुलट फिरून एकमेकांचा पीळ मारतात.