फंडीच्या उपसागरात सोळा मीटरची भरती का येते?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया या दोन प्रांतांच्या मधोमध अटलांटिक महासागर जमिनीत घुसला आहे. नकाशावर त्याचा आकार पाचरीसारखा दिसतो. नैर्ऋत्येला पन्नास किलोमीटरहून रुंद तोंड, ईशान्येकडे निमुळतं होत जाणारं अंग आणि शेवटी दोन फाटे. उत्तरेचा फाटा म्हणजे शिग्नेक्टो उपसागर. पूर्वेचा फाटा एका चिंचोळ्या खिंडीतून आत जाऊन पसरतो, ते मायनस बेसिन. या सगळ्याला मिळून फंडीचा उपसागर म्हणतात. मायनस बेसिनच्या काठावर बर्न्टकोट हेड नावाचं एक टोक आहे. तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक मोठ्या उधाणाला १६ मीटरपर्यंत जातो. उत्तर कॅनडातल्या उंगावा उपसागराचा अपवाद सोडला, तर जगात कुठेच एवढी मोठी भरती येत नाही.

गंमत अशी की याच महासागरात, उथळ किनारपट्टी संपून खोल समुद्र सुरू होतो तिथे, हाच फरक जेमतेम एक मीटरचा असतो. चंद्र तोच, पाणी तेच. मग तोंडातून आत शिरून टोकाला पोचेपर्यंत ही भरती एवढी कशी वाढते?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘नरसाळ्याचा आकार’ असं दिलेलं असतं. रुंद तोंडातून आलेलं पाणी अरुंद जागेत कोंडतं आणि वर चढतं. हे खोटं नाही, पण त्यातून फार तर काही पट वाढ समजते. निमुळत्या खाड्या जगभर आहेत, सोळा मीटरची भरती मात्र त्यांत येत नाही. खरं कारण उपसागराच्या लांबी-खोलीत आहे.

पाण्याने भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालत निघा. पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे हिंदकळू लागतं, आणि त्या हिंदकळण्याला स्वतःची एक लय असते. तुमच्या पावलांचा ठेका त्या लयीशी जुळला, की चार पावलांत पाणी काठावरून सांडतं. पावलं जोराची नसतात, ती फक्त वेळेवर पडलेली असतात. समुद्राच्या उपसागरालाही अशी लय असते. लांबच लांब लाट उथळ पाण्यातून किती वेगाने जाईल हे खोली ठरवते. शंभर मीटर खोलीत ती ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने धावते. फंडीचा उपसागर आणि त्याच्या बाहेरचं मेनचं आखात मिळून एकच पात्र मानलं, तर त्यातलं पाणी एकदा आत-बाहेर हिंदकळायला तेरा तासांहून थोडा जास्त वेळ घेतं. ख्रिस्तोफर गॅरेट या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हा आकडा १३.३ तासांच्या आसपास असल्याचं दाखवून दिलं. चंद्रामुळे येणाऱ्या दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास २५ मिनिटांचं असतं. म्हणजे महासागर दर वेळी जो हलकासा धक्का देतो, तो जवळजवळ नेमक्या क्षणी पडतो. तळाच्या आणि काठांच्या घर्षणात बरीच ऊर्जा खर्च होते म्हणून, नाहीतर ही वाढ आणखी झाली असती.

या जुळणीचा एक परिणाम मला फार सुंदर वाटतो. उधाण म्हटलं की आपल्याला अमावास्या-पौर्णिमा आठवते, कारण त्या दिवशी सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. फंडीत मात्र अमावास्या-पौर्णिमेपेक्षाही चंद्र पृथ्वीच्या किती जवळ आहे, याला जास्त महत्त्व. कारण पुन्हा लयीचंच. सूर्याचा धक्का बरोबर १२ तासांनी येतो, तो उपसागराच्या लयीपासून लांब पडतो. चंद्र जवळ-लांब होण्यातून भरतीचा जो घटक तयार होतो, त्याचा काळ सुमारे १२ तास ४० मिनिटं, म्हणजे १३.३ तासांच्या अधिक जवळ. उपसागर आपल्या लयीला जवळचा तो धक्का जास्त फुगवतो. त्यामुळे चंद्र उपभू बिंदूपाशी, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ, असताना इथे सगळ्यात मोठी उधाणं येतात, आणि अमावास्या किंवा पौर्णिमाही त्याच सुमाराला आली तर विचारायलाच नको. रॉयल नेव्हीतल्या लेफ्टनंट सॅक्सबी यांनी १८६८ मध्ये असाच हिशोब मांडून ५ ऑक्टोबर १८६९ ला असामान्य भरती येईल, असं लंडनच्या एका वृत्तपत्रात लिहिलं होतं. त्याच रात्रीच्या सुमाराला एक चक्रीवादळही येऊन धडकलं. वादळाचा अंदाज सॅक्सबी यांनी नेमक्या या किनाऱ्यासाठी बांधला नव्हता, तो योगायोग. पण उधाणावर वादळी फुगवटा चढला, समुद्र बांधांवरून आत आला आणि फंडीच्या काठची शेतं बुडाली. तिथे आजही ते वादळ सॅक्सबीच्या नावाने ओळखलं जातं.

मायनस बेसिनमध्ये एका भरतीला सुमारे १४ अब्ज टन पाणी शिरतं, आणि त्याला वाट आहे ती जेमतेम पाच किलोमीटर रुंदीच्या मायनस खिंडीची. तिथे प्रवाहाचा वेग सेकंदाला पाच मीटरपर्यंत जातो. वीज मिळवण्याच्या आशेने २००९ मध्ये या खिंडीच्या तळाशी एक टर्बाइन बसवली गेली. काही आठवड्यांतच तिची पाती तुटली. इतक्या ओढीपुढे तळावरची वाळूही टिकत नाही. खिंडीत खडक उघडा पडला आहे आणि गाळ जिथे वेग मंदावतो तिथे जाऊन साचला आहे. उपसागराचे काठ वेगवेगळे का दिसतात याची सुरुवात इथूनच होते.

दक्षिण काठावर नॉर्थ माउंटन नावाची डोंगराची लांबच लांब धार आहे. ती बेसाल्टची आहे, आणि बेसाल्टची ओळख महाराष्ट्रातल्या वाचकाला करून द्यायला नको. सगळे खंड एकत्र जोडलेले होते आणि आजचा अटलांटिक उघडायला लागला होता, त्या काळात जमीन ताणली जाऊन इथे एक खचदरी तयार झाली. तिच्यात आधी नद्यांनी आणलेली वाळू आणि माती साचून लाल वालुकाश्म बनला. मग सुमारे २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी त्यावर लाव्ह्याचे थर पसरले. ब्लोमिडॉनच्या कड्यावर हे दोन्ही एकावर एक बघायला मिळतात, खाली तांबडा ठिसूळ खडक आणि वर काळा टणक. लाटा तांबडा खडक झपाट्याने खातात, काळा तग धरून समुद्रात घुसलेली टोकं बनवतो. आजचा उपसागर बऱ्याच अंशी त्याच जुन्या खचदरीत बसलेला आहे.

शिग्नेक्टोच्या बाजूचा खडक याहून जुना. तिथल्या होपवेल रॉक्सचे फोटो अनेकांनी पाहिले असतील: खाली बारीक, वर रुंद आणि डोक्यावर झाडं असलेले गोटेमिश्रित खडकाचे खांब. ओहोटीला त्यांच्या पायथ्याशी माणसं चालतात, भरतीला तिथेच छोट्या होड्या फिरतात. त्यांची कंबर बारीक होण्याला भरती जबाबदार आहे, पण एकटी नाही. हिवाळ्यात फटींतलं पाणी गोठून फुगतं, खडक फोडतं, आणि सुटलेले तुकडे भरती उचलून नेते. मार्च २०१६ मध्ये यांतल्या हत्तीच्या आकाराच्या प्रसिद्ध खांबाचा मोठा भाग कोसळला. कड्यातून नवे खांब सुटे होणं आणि जुने पडणं चालूच असतं.

पलीकडच्या नोव्हा स्कोशियाच्या काठावर जॉगिन्सचे कडे आहेत. इथली झीज भूवैज्ञानिकांच्या पथ्यावर पडली. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं कड्याच्या थरांत उभीच्या उभी दगड होऊन राहिली आहेत. चार्ल्स लायेल १८४२ मध्ये इथे आले, १८५२ मध्ये विल्यम डॉसन यांच्यासोबत पुन्हा आले, आणि त्या खेपेस दोघांना पोकळ बुंध्याच्या आत प्राण्यांची हाडं सापडली. पुढे डॉसन यांना इथेच हायलोनोमस मिळाला, आजवर माहीत असलेल्या सर्वांत जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक. २००८ मध्ये या कड्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कडा ढासळतो म्हणूनच दर वर्षी नवे जीवाश्म उघडे पडतात.

कड्यांमधून निघालेली माती शेवटी उपसागराच्या डोक्याशी येते. तिथलं पाणी तांबूस तपकिरी असतं, आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. लांबून तो निर्जीव वाटेल. जवळून बघितलं तर पाणी ओसरल्यावर थोड्या वेळाने त्याच्या पृष्ठभागावर सोनेरी-तपकिरी झाक चढते. ते डायटम नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव. उजेड मिळवायला ते चिखलातून वर सरकतात आणि पाणी परतायच्या आत पुन्हा खाली जातात. सरकताना ते जो चिकट स्राव सोडतात, त्याने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात, म्हणजे किनारा टिकवण्यात या जीवांचाही वाटा आहे. त्यांच्या जोडीला चिखलात बारीक बारीक भोकं दिसतात. प्रत्येक भोक म्हणजे कोरोफियम नावाच्या, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या कवचधारी प्राण्याचं बीळ. एका चौरस मीटरमध्ये असे हजारो प्राणी असतात.

उत्तर ध्रुवाकडे वीण आटोपून परतणारे लाखो छोटे तुतवार जुलै-ऑगस्टमध्ये याच चिखलावर उतरतात. येताना पक्ष्याचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास असतं. दोन-तीन आठवडे कोरोफियम आणि डायटम खाऊन ते जवळपास दुप्पट होतं, आणि मग तो अटलांटिकवरून न थांबता दक्षिण अमेरिकेपर्यंत साधारण चार हजार किलोमीटर उडतो. हे इंधन भरायला इतका चिखल, इतका वेळ उघडा असलेली जागा त्यांच्या वाटेवर दुसरी जवळपास नाही. खडक, खिंड, भरतीची लय, चिखल, पक्षी, ही सगळी एकाच हिशोबातली पदं आहेत.

चिखल जसजसा उंच होतो तशी त्यावर खारं गवत उगवतं. गवताने पाण्याचा वेग मोडतो, आणखी गाळ बसतो, खाजण आणखी वर येतं. समुद्राची पातळी हळूहळू चढत असेल, तर खाजणही तिच्याबरोबर चढू शकतं. सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेल्या अकेडियन लोकांनी ही जमीन ओळखली. त्यांनी खाजणाभोवती मातीचे बांध घातले आणि बांधाखालून लाकडी उघाड्या बसवल्या. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर पडायचं, भरतीला समुद्रच ती झडप दाबून बंद करायचा. दोन-तीन वर्षांच्या पावसाने मीठ धुऊन निघालं की सुपीक शेत तयार. १७५५ पासून ब्रिटिशांनी या लोकांना हाकलून लावलं, पण बांध राहिले. ग्रँ प्रे इथली ही शेती २०१२ पासून जागतिक वारसा आहे. या बांधांनी एक अडचणही मागे ठेवली. बांधाच्या आत गाळ येणं थांबलं, त्यामुळे आतली जमीन होती तिथेच राहिली, काही ठिकाणी खचलीही. बाहेरचं खाजण मात्र चढत गेलं.

नदी अडवल्यावर काय होतं ते पेटिकोडियाकने दाखवलं. या नदीत भरती एका सलग लाटेसारखी उलट्या दिशेने वर चढत जाते. १९६८ मध्ये मंक्टन शहरापाशी नदीवर भराव घालून दरवाजे बसवले गेले. भरतीचं जाणं-येणं बंद झालं आणि भरावाच्या खालच्या बाजूला गाळ इतका साचला की रुंद पात्राची चिंचोळी पट्टी उरली. एप्रिल २०१० मध्ये दरवाजे उघडले गेले. नदीने आपलं पात्र पुन्हा खोदायला सुरुवात केली, लाटही परत आली.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडू शकते, हे वीजनिर्मितीच्या योजनांचा अभ्यास करताना लक्षात आलं. मायनस बेसिनच्या तोंडावर धरण बांधलं तर उपसागराची लांबी कमी होईल, त्याची लय १३.३ तासांवरून १२ तास २५ मिनिटांच्या आणखी जवळ सरकेल, आणि शेकडो किलोमीटर लांब असलेल्या बोस्टनची भरती काही सेंटिमीटरनी वाढेल. ते धरण झालं नाही, याचा मला आनंद आहे.

शेवटी, ही जुळणी कायमची नाही. हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी खूप खाली होती. मेनच्या आखाताच्या तोंडावरचा जॉर्जेस बँक हा उंचवटा तेव्हा पाण्याबाहेर होता, आणि फंडीची भरती अगदी साधी होती. पाणी चढलं, उंचवटा बुडाला, खोली वाढली, आणि गेल्या काही हजार वर्षांत भरती आजच्या रूपाला आली. शिग्नेक्टोच्या काठावर भरतीच्या चिखलाखाली सापडणारे जुन्या झाडांचे बुंधे याचीच साक्ष देतात. काही संशोधकांच्या मते मायनस खिंडीतला नैसर्गिक बंधारा सुमारे ३४०० वर्षांपूर्वी फुटला आणि आतली भरती एकदम वाढली. इथल्या मूळ मिकमाक लोकांच्या कथेत ग्लूस्कॅप हा वीर याच खिंडीजवळच्या केप स्प्लिट या टोकापाशी बीव्हर या धरण बांधणाऱ्या प्राण्याचं धरण फोडून समुद्राला वाट करून देतो.

समुद्र आताही चढतो आहे, आणि इथली जमीन हिमथराचं ओझं उतरल्यानंतरच्या हालचालींत अजून खाली जाते आहे. खोली वाढली की लाटेचा वेग वाढतो, लय आणखी थोडी आखूड होते, म्हणजे १२ तास २५ मिनिटांच्या आणखी जवळ येते. म्हणून इथे समुद्राची सरासरी पातळी जितकी चढेल, त्याहून भरतीची रेषा थोडी जास्तच चढेल. नोव्हा स्कोशियाला मुख्य भूमीशी जोडणारी शिग्नेक्टोची संयोगभूमी पंचवीस किलोमीटरपेक्षा अरुंद आणि सखल आहे. रेल्वे आणि महामार्ग तिथूनच जातात, काही भागांत जुन्याच बांधांच्या आडोशाने. बांध उंच करण्याचं काम एकीकडे चालू आहे, तर दुसरीकडे मागे नवा बांध घालून काही जुने बांध मुद्दाम फोडून पाणी आत घेतलं गेलं आहे. अशा ठिकाणी गाळ वेगाने साचून काही वर्षांतच खारं गवत पुन्हा उगवलं. मागचा नवा बांध आता त्या खाजणाच्या आडोशाला आहे.