यादीचा क्रम आम्ही आधी का विचारतो?

पाहणीचं काम हाती घेताना आमचा पहिला प्रश्न असतो : तुमची यादी कोणत्या क्रमाने लावली आहे? अनेकांना तो किरकोळ वाटतो. आमच्या मते निम्मं काम तिथेच ठरतं.

समजा, यादीत १२०० नावं आहेत आणि ६० निवडायची आहेत. १२०० भागिले ६०, म्हणजे अंतर २०. १ ते २० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा. ७ निघाला तर ७, २७, ४७ असं शेवटपर्यंत मोजत जायचं. हीच पद्धतशीर नमुना निवड. चिठ्ठी एकदाच टाकायची आणि नमुना यादीभर सारखा पसरतो.

यादी वयाच्या किंवा पगाराच्या चढत्या क्रमाने असेल, तर ही पद्धत साध्या यादृच्छिक निवडीपेक्षा (साठही नावं वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकून काढण्यापेक्षा) बरीच अचूक ठरते, कारण दर वीस नावांमागे एक जण नमुन्यात येतोच. क्रम कसाही, घोळलेला असेल तर दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच. संख्याशास्त्रज्ञ विल्यम आणि लिलियन मॅडो यांनी १९४४ मध्ये याचं गणित मांडलं. एका नमुन्यात आलेली माणसं एकमेकांसारखी किती, यावर सगळं अवलंबून असतं. हे साम्य मोजणारा आकडा, म्हणजे सहसंबंध, उणे ०.०१ असेल, तर वरच्या ६० मुलाखती साध्या निवडीच्या सुमारे १३० मुलाखतींच्या तोडीच्या होतात. तोच अधिक ०.०५ असेल, तर त्याच ६० मुलाखतींचं मोल जेमतेम १५!

हे साम्य वाढतं कुठे? कर्मचाऱ्यांची यादी घ्या. दहा-दहा जणांचे गट, प्रत्येक गटात प्रमुखाचं नाव पहिलं. अंतर २० ठेवलं आणि चिठ्ठीत १ किंवा ११ निघाला, तर साठच्या साठ गटप्रमुखच येतात. उरलेल्या अठरापैकी कोणताही आकडा निघाला, तर एकही प्रमुख येत नाही. अंतर १९ केलं की गटातली प्रत्येक जागा आळीपाळीने येते. नावं ६३-६४ होतात, ती आम्ही चालवून घेतो.

एक उणीव मात्र आहे. एकाच चिठ्ठीतून निघालेल्या नमुन्यावरून अंदाजात किती फरक पडू शकतो, हे भरवशाने काढता येत नाही. म्हणून आम्ही शक्यतो चार चिठ्ठ्या काढतो : अंतर ८०, प्रत्येक चिठ्ठीमागे १५ नावं. चार सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब पडतात, त्यावरून अंदाज किती चुकू शकतो, हे काढून अहवालात देतो.

यादी पाठवताना ती आहे त्याच क्रमाने पाठवा आणि तो क्रम कशाचा आहे, एवढी एक ओळ सोबत लिहा.