रीबिल्ट टायटल म्हणजे सरकारने पास केलेली गाडी? नाही हो!

अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, की सॅल्व्हेज झालेली (म्हणजे मोठ्या नुकसानीमुळे टोटल लॉस ठरलेली) मर्सिडीज एसएल, ही उघडत्या छताची कन्व्हर्टिबल, दुरुस्त होऊन तिला रीबिल्ट टायटल (दुरुस्त केलेली गाडी असा शिक्का असलेला मालकीचा कागद) मिळालं म्हणजे सरकारने तपासून ओके केली, आता बिनधास्त घ्या. असं काही नसतं.

न्यूयॉर्कचंच बघा, तिथली सॅल्व्हेज तपासणी मुळात चोरीचे पार्ट वापरलेत का हे बघायला असते, सेफ्टीसाठी नाही. पार्टची बिलं आणि १७ आकडी-अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) जुळला की झालं. काही राज्यांत ब्रेक आणि लाइट बघतात, पण चेसिस सरळ आहे का, एअरबॅग खरंच बसवल्यात की नुसतं कव्हर चिकटवलंय, हे सहसा उघडून कोण बघतंय!

आणि कन्व्हर्टिबलमध्ये तर हेच जास्त महत्त्वाचं, कारण वर पक्कं छत नाही त्यामुळे बॉडीचा बराचसा जोर फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्यांवर, त्या वाकलेल्या असल्या की दारं नीट बसत नाहीत, छताचं लॉक अडकतं. छत दोन-चार वेळा उघडझाप करूनच बघा. पुरातली गाडी असेल तर कार्पेटखाली हात घाला, वायरिंगचं दुखणं कधीकधी काही महिन्यांनी वर येतं.

उलट बाजूही आहे म्हणा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या किती टक्के झाला की टोटल लॉस धरायचा, हे राज्यागणिक वेगळं, न्यूयॉर्कात ७५, टेक्सासात १००, त्यामुळे प्रत्येक सॅल्व्हेज गाडी भंगार नसते. पण फुल इन्शुरन्स द्यायला बऱ्याच कंपन्या नाक मुरडतात, तेव्हा कोट आधी घ्या, पैसे नंतर द्या.