भुताच्या शोधात निघालेला कॅमेरा : पार्श्वभूमी

झपाटलेल्या म्हणून बदनाम झालेल्या वास्तूत रात्र काढायची आणि तिथला थरार घरबसल्या लोकांना द्यायचा, हा प्रकार दूरचित्रवाणीच्या आधीपासूनचा आहे. भुताखेतांच्या दाव्यांचा शोध घेणारे ब्रिटिश संशोधक हॅरी प्राइस यांनी 1936 मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातील अशाच एका घरातून बीबीसी रेडिओवर थेट प्रक्षेपण केले होते. पुढे 1992 मध्ये बीबीसीने ‘घोस्टवॉच’ हे आधी लिहून बसवलेले नाट्य थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखवले आणि असंख्य प्रेक्षकांनी ते खरे मानले.

आज परिचित असलेला साचा पडला तो 2002 च्या ‘मोस्ट हॉन्टेड’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेपासून. त्यात खरी करामत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची आहे: सहभागी माणसे मिट्ट काळोखात चाचपडतात, प्रेक्षकाला मात्र त्यांचे भेदरलेले चेहरे स्वच्छ दिसतात. भिंगाजवळून उडालेला धुळीचा कण याच प्रकाशात तेजस्वी गोळा होऊन तरंगतो. वाई-मेणवलीकडच्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना ठाऊक असते की दिवसभर तापलेल्या तुळया रात्री निवताना कुरकुरतात; कार्यक्रमात त्या आवाजावर पार्श्वसंगीत चढते आणि संकलक नेमका तिथेच दृश्य तोडतो. ब्रिटनमधील प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने 2005 मध्ये ‘मोस्ट हॉन्टेड’ला गंभीर संशोधन न मानता करमणूक ठरवले. आपल्याकडेही केबल दूरचित्रवाणीच्या 1994 च्या नियमांनुसार अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवता येत नाही. सुरुवातीला भुर्रकन सरकणाऱ्या ‘केवळ मनोरंजनासाठी’ या पाटीमागे अशी अडचण असते.

साताऱ्यात या विषयाला आणखी एक इतिहास आहे. मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. भानामतीची तक्रार आली की कार्यकर्ते त्या घरी जात, प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलत आणि कपडे पेटण्यामागे किंवा दगड पडण्यामागे घरातलाच कुणी गांजलेला माणूस आढळला, तर त्याचे नाव गुप्त ठेवून त्याला आधार देत. शोध दोन्हीकडे आहे; पण वाहिनीला तो अर्धवट सोडणे परवडते, किंबहुना तेच तिला हवे असते. दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, भुताला आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणे हाही गुन्हा नोंदवलेला आहे.