हायवेचं वळण आणि स्टेअरिंगवरचे हात

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड, जगातला पहिला एक्सप्रेसवे हिटलरने बांधला म्हणे. अहो, इटलीत मिलान ते वारेझे हा फक्त मोटारींसाठीचा टोल रोड पिएरो पुरिचेल्ली या इंजिनिअरने १९२४ लाच सुरू केला होता! जर्मनीतसुद्धा कोलोन-बॉन रस्त्याचं उद्घाटन ऑगस्ट १९३२ मध्ये कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी केलं, हिटलर सत्तेवर आला १९३३ ला. हॅम्बुर्ग-फ्रँकफर्ट-बाझल मार्गाची आखणी तर एक संस्था १९२६ पासून करत होती, नाझींनी ते आयतं उचललं आणि श्रेयही लाटलं.

पण मला खरं तर वळणाबद्दल सांगायचंय. सुरुवातीच्या ऑटोबानचे, म्हणजे जर्मनीतल्या एक्सप्रेसवेंचे, बरेच भाग सरळ रेघ, मग कंपासने काढल्यासारखा वर्तुळाचा तुकडा, परत सरळ रेघ असे आखलेले होते. कागदावर छान दिसतं, पण ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, आणि सरळ रेघ संपून वर्तुळ सुरू होतं त्या एका बिंदूवर स्टेअरिंग झटक्यात पूर्ण वळायला हवं, जे कुणालाच जमत नाही, हात फिरवायला तीन सेकंद घेतले तरी ८० मीटर गेले आणि तेवढ्यात गाडी लेनच्या कडेला सरकते.

यावर उपाय क्लोथॉइड, म्हणजे हळूहळू बाक वाढत जाणारा वक्र. तो ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्येच मांडला होता, रेल्वेवाले तसली वळणं आधीपासून वापरत होते, रस्त्यावर तो नंतर आला. यात वक्रता, म्हणजे वळणाचा बाक, अंतराच्या प्रमाणात वाढते आणि त्रिज्या कमी होत जाते. समजा ५०० मीटर त्रिज्येचं वळण आहे आणि त्याआधी १०० मीटरचा क्लोथॉइड टाकलाय, तर २५ मीटरवर त्रिज्या २०००, ५० वर १०००, ७५ वर साधारण ६६७ आणि १०० वर बरोबर ५००. म्हणजे स्टेअरिंग एकाच गतीने हळूहळू फिरवत राहायचं, बस! रस्त्याची बाहेरची कडसुद्धा याच टप्प्यात थोडी थोडी वर उचलतात.

आपल्याकडे एखाद्या वळणावर सारखे अपघात झाले की लगेच तिथे भूत दिसायला लागतं, नारळ फुटतात, लिंबू-मिरच्या टांगतात. कृपा करून आधी त्या वळणाची त्रिज्या मोजा, उतार मोजा, ब्रेक मारल्याच्या खुणा कुठून सुरू होतात ते बघा.

पुढच्या वेळी चांगल्या हायवेवर ड्रायव्हरशेजारी बसलात तर वळण सुरू होताना त्याच्या हातांकडे बघा, स्टेअरिंग घड्याळाच्या काट्यासारखं सावकाश सरकत जातं, मग थोडा वेळ स्थिर राहतं आणि तसंच सावकाश परत येतं.