स्मार्टफोनवरील सुलभता शॉर्टकट

सेटिंग्जमध्ये न शिरता, ठरावीक बटणे दाबून किंवा पडद्यावर ठरावीक पद्धतीने बोटे फिरवून स्क्रीन रीडर (पडदा मोठ्याने वाचून दाखवणारी सुविधा), भिंग, रंग उलटे करणे यांसारखी सुविधा झटकन चालू-बंद करण्याची सोय म्हणजे सुलभता शॉर्टकट. अंध व अल्पदृष्टी व्यक्ती, तसेच हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्ती यांना तिचा विशेष उपयोग होतो.

पडदा वाचून दाखवणारी सुविधा सेटिंग्जच्या यादीत बरीच आत असते आणि तिथवर पोहोचायला पडदा दिसावा लागतो. ज्याला तो दिसत नाही, त्याने ती शोधायची कशी? शिवाय स्क्रीन रीडर चालू असताना फोन हाताळण्याची रीतच बदलते: एका स्पर्शाने नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारल्यावर ते उघडते. त्यामुळे एकच फोन अंध आणि डोळस अशा दोघांच्या हातात फिरत असेल, तर ही अदलाबदल क्षणात व्हायला हवी.

2009 मध्ये आयफोन 3जीएसबरोबर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला आणि होम बटण तीनदा दाबून तो चालू करण्याची सोयही. होम बटण नसलेल्या आयफोनवर हेच काम बाजूचे बटण करते. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात तळाकडे असलेल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये हवी ती सुविधा निवडायची. एकच निवडली तर ती थेट चालू होते. अनेक निवडल्या तर आधी यादी उघडते. व्हॉइसओव्हरवर अवलंबून असलेल्याने इथे तेवढी एकच खूण ठेवावी हे उत्तम, कारण व्हॉइसओव्हर बंद असताना उघडलेली यादी मुकीच असते. आयओएस 14 पासून (2020) आयफोन 8 व त्यापुढील फोनवर पाठीमागे दोनदा किंवा तीनदा टिचकी मारूनही अशी सुविधा सुरू करता येते.

अँड्रॉइडवरचा स्क्रीन रीडर टॉकबॅक, तोही 2009 चाच. तिथे प्रत्येक सुविधेच्या पानावरच तिच्या शॉर्टकटचा पर्याय असतो. आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबून सुमारे तीन सेकंद धरणे, पडद्याच्या कडेला तरंगणारे बटण, तळापासून दोन बोटे वर सरकवणे, यांतून निवड करता येते. मांडणी कंपनीगणिक बदलते. भिंगासाठी पडद्यावर तीनदा टिचकी मारण्याचाही पर्याय आहे. पण तो घेतला की पुढची टिचकी येते का याची वाट पाहत फोन प्रत्येक स्पर्शाला किंचित उशिरा दाद देतो. रोजच्या वापरात हे जाणवते, म्हणून भिंगासाठी तरंगते बटण बरे.

आवाजाची बटणे खिशात किंवा मुलांच्या हातात नकळत दाबली जातात. फोन अचानक बोलू लागतो, एका टिचकीने काही उघडत नाही, एका बोटाने पडदा सरकत नाही. फोन बिघडला असे समजून माणसे तो दुरुस्तीला नेतात. वास्तविक तीच दोन बटणे पुन्हा तेवढाच वेळ धरली की टॉकबॅक बंद होतो. तोवर दोन बोटांनी पडदा सरकवता येतो.

घरच्या कुणाला शॉर्टकट लावून देताना फोन कुलूपबंद करून तो चालतो का, हे जरूर तपासावे. अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनवरून शॉर्टकट वापरू देण्याची परवानगी वेगळी असते. ती नसेल तर कुलूपबंद फोन हातात घेतलेल्या अंध व्यक्तीला पिन टाकण्याच्या टप्प्यावरच अडकावे लागते, आणि तिथेच तिला आवाजाची सर्वाधिक गरज असते.

अगदी नवा फोनही याला अपवाद नाही. आयफोनच्या पहिल्या स्वागताच्या पडद्यावर बटण तीनदा दाबून व्हॉइसओव्हर सुरू होतो. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनवर त्याच टप्प्यावर दोन बोटे पडद्यावर टेकवून धरली की टॉकबॅक बोलू लागतो. त्यामुळे भाषा निवडण्यापासून पासवर्ड घालण्यापर्यंतची सगळी जुळणी अंध व्यक्तीला स्वतःच्या हाताने करता येते.